होसमनी, वॉर्ड सात

पहिल्या सभेला त्याचं नाव मी तीनदा चुकवलं.
हसमनी. होसमणी. होसामनी.
चौथ्यांदा त्यानंच माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि इतिवृत्ताच्या वहीत, माझ्या ओळीवर,
जीभ दातांत धरून लिहिलं :
दुर्गप्पा होसमनी.
होस म्हणजे नवं, म्हणाला, मने म्हणजे घर.
मी म्हटलं, बरं. सही खाली करायची.

बाप बदामीकडून आलेला,
वास्कोच्या धक्क्यावर बार्जमधलं खनिज उपसणारा.
घरी यायचा तो लाल,
अंघोळीचं पाणी लाल, भाकरीच्या कडा लाल.
मांगोरच्या टेकडीवर पत्र्याच्या चार भिंती
आणि भिंतींना नंबर नाही,
म्हणून नळ नाही, रेशन नाही.
शाळेत पत्ता विचारला की हा सांगायचा,
पिंपळाच्या वर.

अकरा मतांनी निवडून आला.
खुर्ची मिळाली पंखा न फिरणाऱ्या कोपऱ्यात.
मिनेझिसबाई कोंकणीत भांडायच्या, खांडेपारकर मराठीत,
चीफ ऑफिसर इंग्रजी फाइलीआड झोपायचे,
हा तिन्हींत थोडं थोडं बोले, कानडीचं मीठ घालून.
मागून कुणीतरी म्हणायचं, घाटी.
ते मी लिहीत नसे.
'सन्माननीय सदस्यांनी टिप्पणी केली.'
सरकारी शाई फार सभ्य असते.

नऊ वर्षं आयत्या वेळच्या विषयांत
त्याचा एकच विषय :
टेकडीवरच्या घरांना नंबर.
तोवर चहा संपलेला असे,
निम्मे सदस्य जिन्यात.

सप्ताहात टेकडीवाल्यांचाही पार निघावा
म्हणून दारोदार फिरला. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.
रात्रभर मग दुसऱ्यांच्या पारामागून चालला
मोकळे हात टाळांसारखे आपटत.

मग एकदा दोन गट असे काही फाटले
की दोघांनाही वाटलं, हा आपलाच. नगराध्यक्ष केला.
सात महिने टिकला.
सात महिन्यांत चारशे बारा नंबर,
पत्र्याच्या पाट्या, हातोडी स्वतःची,
अंगठा सुजलेला, त्याच अंगठ्यानं फाइली उलटायचा.
खांबांचं कंत्राट मेहुण्याला दिलं, तेही सांगायला हवं.
वर्षाच्या आत अर्धे खांब वाकले
आणि त्यांच्याच खाली उभा राहून
हा वीजखात्याच्या नावानं बोंब मारायचा.

बंदरावरची धूळ मधल्या काळात लालची काळी झाली.
माझे केस उलट दिशेनं गेले.

शेवटच्या निवडणुकीत समोर प्रज्योत.
पोस्टरवर एवढंच, प्रज्योत.
आडनाव बापाबरोबर विजापूरच्या गाडीतून आलेलं,
ते छापखान्यात गळलं.
जन्मदाखल्यावर त्याचा घर नंबर दोनशे सहा,
पाटी कुणी ठोकली ते दाखल्यावर नसतं.
टेकडीवरच्याच सभेत माइक धरून म्हणाला,
भायल्यांक आमचें दुख्ख कितें कळटा!
सगळे टाळ्या वाजवत होते.
मिरचीभज्यांच्या गाड्यापाशी होसमनीही.
सवय, मला म्हणाला नंतर. पोरगा बोलतो बरा.

परवा घरपट्टी भरायला आला.
जिन्याशी माजी नगराध्यक्षांचा नवा फलक.
सांतान पेंटरनं पिवळ्या रंगात रेखलेलं :
दु. होसमानी.
मी कानकोंडा झालो. निवृत्त असलो
तरी चूक ह्या इमारतीत झाली की ती मला माझीच वाटते.
सांतानला बोलावतो, म्हटलं, एक काना तर खरवडायचा.

तो चश्मा वर करून बराच वेळ वाचत राहिला.
मानी म्हणजे मराठीत काय हो?
सांगितलं.
खो खो हसला, खोकला, कठड्याला धरून उभा राहिला.
राहू दे, म्हणाला. घर गेलं, पण काहीतरी मिळालं.
मग पावतीची घडी खिशात घालत,
आवाज जरा उतरवून :
दोनशे सहाच्या नळाला चार दिवस पाणी नाही.
त्या पोराला सांगा. माझं नाव नको घालू.